42.67 गुणांचे 511 कसे झाले?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. सिव्हिलची पदवी झाली आणि तिने गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. ती लिहिते: "सर, माझा पेपर दुपारच्या सत्रात होता. अधिकृत उत्तरतालिका लावून मोजले तर 44.67 गुण येतात, पण निकालपत्रकावर 42.67 आहेत. माझ्या मैत्रिणीचा पेपर सकाळी होता. तिचे मोजून 43.33 येतात आणि पत्रकावर 46.05. माझा स्कोअर 511, तिचा 549. माझे दोन गुण काढून तिला दिले की काय असे वाटते. बाबांचा प्रश्न वेगळाच आहे. शंभरातले बेचाळीस म्हणजे काठावर पास, मग हे 511 कशातले? भाऊ एम.बी.ए.साठी कॅट देणार आहे आणि मी परदेशी शिक्षणासाठी जीआरईचाही विचार करतेय. तिथेही असेच असते का?"

पोरी, बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या वर्गात दर वर्षी मार्च महिन्यात हाच प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे असतात. घरात पहिल्यांदाच कुणीतरी एम.टेक.ला निघालेले असते आणि पत्रक समजावून सांगायला घरात कुणी नसते. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुझे गुण कुणी काढलेले नाहीत आणि कुणाला दिलेलेही नाहीत. कागद-पेन घेऊन बस, हिशेब सोपा आहे.

आधी बाबांचा प्रश्न, कारण तो सुटला की तुझा निम्मा सुटतो. शाळेच्या परीक्षेत 35 ही रेघ आधीच मारलेली असते. पेपर सोपा असो की अवघड, रेघ हलत नाही. गेटची रेघ पेपर झाल्यावर पडते. त्या विषयाच्या सगळ्या उमेदवारांच्या गुणांची सरासरी काढतात, तिच्यात प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप) मिळवतात. ही बेरीज आणि 25, यांतला जो आकडा मोठा तो खुल्या गटाचा पात्रता गुण. तुझ्या पत्रकावर तो 28 आहे. म्हणजे बहुतांश मुलांना 28 सुद्धा मिळालेले नाहीत. बाबांना हे एवढेच सांग: इथे 42 म्हणजे रेघेच्या बरेच वर.

आता 511. येळ्ळूरच्या राजहंसगडावर तू कधीतरी चढली असशील. चढताना कुणी विचारले की कुठवर आलात, तर आपण समुद्रसपाटीपासूनची उंची सांगत नाही. पायथ्यापासून किती आलो आणि माथा किती राहिला हे सांगतो. गेटचा स्कोअर तसाच आहे. पायथ्याची खूण म्हणजे पात्रता गुण, आणि तिथे 350 लिहिलेले आहे. माथ्याजवळची खूण म्हणजे त्या विषयातल्या सर्वांत वरच्या 0.1 टक्के उमेदवारांच्या गुणांची सरासरी. विषय लहान असेल आणि 0.1 टक्क्यात दहापेक्षा कमी मुले येत असतील, तर वरच्या 10 जणांची सरासरी घेतात. तिथे 900 लिहिलेले आहे. दोन्ही खुणांमध्ये 550 पायऱ्या आहेत आणि तू कुठे उभी आहेस ते मोजायचे. त्या सरासरीच्याही वर गेलेल्यांना 900 च्या पुढे मिळतात, मात्र 1000 च्या पलीकडे कुणी जात नाही.

आकड्यांत असे: तुझ्या गुणांतून पात्रता गुण वजा कर. वरच्यांच्या सरासरीतून पात्रता गुण वजा कर. पहिल्याला दुसऱ्याने भाग, 550 ने गुण, त्यात 350 मिळव.

वरच्यांची सरासरी पत्रकावर छापत नाहीत, पण तुझ्याच पत्रकावरून ती उलट काढता येते. मुलांना हे मी मुद्दाम करायला लावतो, कारण एकदा स्वतःच्या हाताने आकडा काढला की पत्रकाची भीती जाते. तुझ्या 42.67 मधून 28 गेले, राहिले 14.67. स्कोअरच्या 511 मधून 350 गेले, राहिले 161. 14.67 ला 550 ने गुणून 161 ने भागलेस की 50 च्या जवळपास येते. म्हणजे वरच्यांची सरासरी 28 अधिक 50, साधारण 78. सरळ करून बघ: 14.67 भागिले 50, गुणिले 550, म्हणजे 161.37. त्यात 350 मिळवले की 511. मैत्रिणीचे 46.05 घेतलेस तर 18.05 गुणिले 11, म्हणजे 198.55, अधिक 350, आणि ते झाले 549. सगळे जुळते.

त्यात जो 11 आला तो लक्षात ठेव. या पेपरात एक गुण म्हणजे स्कोअरचे 11. दुसऱ्या विषयात पात्रता गुण 25 आणि वरच्यांची सरासरी 88 असेल, तर तिथे एक गुण 8.7 चा होतो. दोन विषयांतल्या मुलांनी एकमेकांचे स्कोअर घेऊन भांडण्यात अर्थ नाही, असे मी सांगतो ते यासाठीच.

आता तुझा खरा सल, सकाळ आणि दुपार. मोठ्या विषयांत उमेदवार इतके असतात की एकाच वेळी सगळ्यांना बसवता येत नाही, म्हणून पेपर दोन सत्रांत होतो. प्रश्न वेगळे, त्यामुळे काठिण्य थोडे इकडे-तिकडे होतेच. म्हणून प्रत्येक सत्राच्या स्वतःच्या दोन खुणा काढतात: त्या सत्राची सरासरी अधिक प्रमाण विचलन, आणि त्या सत्रातल्या वरच्या 0.1 टक्क्यांची सरासरी. मग दोन्ही सत्रे एकत्र धरूनही त्याच दोन खुणा काढतात, आणि प्रत्येक सत्राची मोजपट्टी या एकत्र मोजपट्टीवर बसवतात.

सत्रवार आकडे तुझ्या पत्रकावर नाहीत. म्हणून हिशेब कळावा यासाठी तुमच्या दोघींच्या गुणांना जुळतील असे आकडे मी धरतो. समज, दुपारच्या सत्राच्या खुणा 30 आणि 80 होत्या. सकाळचा पेपर अवघड गेला, म्हणून तिथल्या खुणा 26 आणि 74. दोन्ही मिळून 28 आणि 78. तू तुझ्या सत्राच्या खालच्या खुणेपासून 14.67 वर होतीस. दुपारचे अंतर 50, एकत्र अंतरही 50, म्हणून तुझे 14.67 तसेच राहिले. ते 28 वर ठेवले आणि 42.67 झाले. तुझी मैत्रीण तिच्या 26 च्या खुणेपासून 17.33 वर होती. तिचे अंतर 48 चे, ते 50 चे केले की 17.33 चे 18.05 होतात. 28 वर ठेवले की 46.05.

बघ, मोजलेले गुण तुझे जास्त होते, पण आपापल्या सत्रात ती तुझ्यापेक्षा वर होती. तिच्या पेपरात 43.33 मिळवणे जास्त कठीण होते. तुझे दोन गुण कमी दिसतात ते तुझ्या सत्रातल्या सगळ्यांसाठी खूण दोनने खाली आणली म्हणून. ती प्रत्येकासाठी आणली, एकट्या तुझ्यासाठी नाही.

या पद्धतीत एक गृहीतक आहे: दोन्ही सत्रांत बसलेली मुले साधारण सारख्याच तयारीची आहेत. कुठल्या सत्रात बसायचे हे उमेदवाराच्या हातात नसते आणि प्रत्येक सत्रात हजारो मुले असतात, म्हणून मला ते रास्त वाटते. छोट्या गटांवर हीच पद्धत लावली असती तर मी स्वतः हरकत घेतली असती.

पुढच्या वर्षी पुन्हा बसणार असशील तर या गणितातली एक गोष्ट तयारीत वापर. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर 1 गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि 2 गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण जातात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर 2 गुणांच्या प्रश्नात चारपैकी एकदा 2 मिळतात आणि तीनदा दोन तृतीयांश जातात. सरासरी बरोबर शून्य. ही शिक्षा तेवढीच ठेवलेली आहे, जेवढीने आंधळा अंदाज फुकट जातो. पण एक पर्याय तू खात्रीने बाद करू शकलीस, तर उरलेल्या तिनांतून अंदाज करणे सरासरी 0.22 गुण फायद्याचे. दोन बाद केलेस तर 0.67 फायद्याचे. "खात्री नसेल तर सोडून द्या" असे सरसकट सांगणारे मला पटत नाहीत. खात्रीने बाद काय करता येते ते विचारा. आणि संख्यात्मक उत्तराच्या व अनेक-अचूक-पर्यायांच्या प्रश्नांना उणे गुण नाहीतच, ते कोरे सोडणे म्हणजे पदरचे सोडणे. मात्र अनेक-अचूकमध्ये सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, अर्धवटाला काही नाही.

आणखी एक, सामान्य अभिक्षमता (जनरल ॲप्टिट्यूड) या भागाचे 15 गुण. मराठी माध्यमातून आलेली आपली मुले इंग्रजीला घाबरून तो भाग शेवटी घेतात आणि घाईत चुका करतात. 11 च्या हिशेबाने ते 15 गुण म्हणजे स्कोअरचे 165. तुझा 350 पासूनचा सगळा चढ 161 आहे, हे शेजारी ठेवून बघ. दहावीपर्यंत मराठीत आणि मग एकदम इंग्रजीत गेलेल्या मुलांची ती अडचण मी रोज पाहतो, म्हणून हे पोटतिडकीने सांगतो. रोज अर्धा तास, सहा महिने. या भागातले प्रश्न सिव्हिलच्या गणितांपेक्षा सोपे असतात, त्यांना फक्त सवय लागते.

उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत असते, प्रत्येक प्रश्नाला शुल्क भरून. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे एका प्रश्नाचे उत्तर योग्य होते, असे आम्हा दोघांनाही वाटत होते, पण "मोठ्या संस्थेची तालिका चुकेल कशी" म्हणत आम्ही मुदत जाऊ दिली. ती चूक माझी होती आणि मला अजून लागते. तालिका चुकू शकते, आणि अंतिम तालिकेत दुरुस्त्या होतात. कधी प्रश्नच सदोष ठरला तर सगळ्यांना गुण देतात. तेव्हा मुले खूश होतात, पण जरा विचार कर: बहुतेकांचे गुण वाढले की दोन्ही खुणाही वर जातात. ज्याचे उत्तर आधीपासून धरले जात होते, त्याची तेवढी आघाडी मात्र जाते.

आरक्षणाबाबत दोन ओळी, कारण आपल्याकडे गोंधळ मोठा आहे. इतर मागास आणि आर्थिक दुर्बल गटाला पात्रता गुण खुल्या गटाच्या 90 टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना दोन तृतीयांश. पण स्कोअरच्या सूत्रात सगळ्यांसाठी खुल्या गटाचाच पात्रता गुण धरतात. त्यामुळे इतर मागास गटातल्या मुलाला 26 गुण असतील तर तो पात्र आहे (28 चे 90 टक्के 25.2), आणि तरी त्याचा स्कोअर 328 येतो. 350 च्या खाली पाहून नापास झालो असे कुणी समजू नये. दुसरे, गेटला केंद्राची यादी चालते. कर्नाटक राज्याच्या मागास गटांच्या यादीतला 3बी चा दाखला घेऊन बसलेली मुले ऐनवेळी अडकतात. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघ.

भावाची कॅट. तिथे मोजायची वस्तूच वेगळी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला जी दर्शनरांग लागते, तिच्यात "तुझ्या मागे शंभरातले किती जण आहेत" हे विचारणे म्हणजे पर्सेंटाइल. एकूण उमेदवारांतून तुझा क्रमांक वजा करायचा, एकूण उमेदवारांनी भागायचे, शंभराने गुणायचे. 90 पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी गुणांवरही नव्वदीचा पर्सेंटाइल येतो. तिथेही तीन सत्रे असतात आणि गुण आधी एका पातळीवर आणतात, मगच पर्सेंटाइल काढतात. बरोबर उत्तराला 3, चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला उणे 1. चार पर्यायांत आंधळ्या अंदाजाचा हिशेब इथेही शून्यच येतो.

त्याला हेही सांग, की एकूण पर्सेंटाइल हा तीन विभागांच्या पर्सेंटाइलांची सरासरी नसतो. तिन्ही विभागांत 90 असणारी मुले थोडी असतात, कारण कुणाचे गणित चांगले तर कुणाचे वाचन. म्हणून तिन्हीत 90 मिळवणाऱ्याचा एकूण पर्सेंटाइल 90 च्या वर जातो. आणि रांग वरच्या टोकाला विरळ असते. मध्यावर दोन-तीन गुणांनी अनेक पायऱ्या वर जाता येते, पण 99 नंतर दशांशासाठी झगडावे लागते. तो महाराष्ट्राची एम.बी.ए. सीईटी देणार असेल तर तिथेही सत्रे आणि पर्सेंटाइल आहेत, आणि उणे गुण नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. दाखले वेळ खातात, तेव्हा निकालाची वाट न बघता त्यांच्या मागे लागा.

आता जीआरई. गेटमध्ये मोजपट्टी परीक्षा झाल्यावर, बसलेल्या सगळ्यांच्या गुणांवरून तयार होते. जीआरईत मोजपट्टी तू बसण्याआधीच तयार असते. परीक्षा वर्षभर, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रश्नांनी चालते, आणि कुठला प्रश्न किती अवघड याची नोंद आधीच घेतलेली असते. बरोबर उत्तरे मोजायची आणि त्या संचाच्या काठिण्यानुसार 130 ते 170 च्या पट्टीवर बसवायची. त्या दिवशी तुझ्या शेजारी कोण हुशार बसले होते याने तुझा आकडा हलत नाही. भाषेचे 130 ते 170, गणिताचे 130 ते 170, आणि निबंधाचे वेगळे, 0 ते 6, अर्ध्या-अर्ध्या गुणाने.

भाषा आणि गणित, दोन्हींचे दोन-दोन भाग असतात, पहिल्यात 12 प्रश्न, दुसऱ्यात 15. पहिला भाग कसा सोडवलास त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरते. दुसरा भाग अवघड आला की मुले घाबरतात. खरे तर ती चांगली खूण आहे, कारण वरचे आकडे त्या वाटेनेच मिळतात. एका भागातल्या सगळ्या प्रश्नांचे वजन सारखे, उणे गुण नाहीत. म्हणून एकाच अवघड प्रश्नावर पाच मिनिटे घालवायची नाहीत, आणि वेळ संपण्याआधी प्रत्येकाला काहीतरी उत्तर द्यायचेच.

जीआरईच्या पत्रकावरही पर्सेंटाइल असतो, आणि तिथे आपली मुले फसतात. 165 हा आकडा भाषेत असेल तर साधारण पंच्याण्णवच्या आसपास, गणितात असेल तर सत्तरीच्या आसपास. गणितात 170 पैकी 170 मिळाले तरी पर्सेंटाइल नव्वदीच्या थोडाच वर जातो, कारण गणितात पूर्ण गुण मिळवणारे खूप असतात. तू इंजिनियर आहेस, तुझ्याशी तुलना होणार ती गणित पक्के असलेल्यांशी. म्हणून गणितात 160 आले की समाधान मानू नकोस. हा निकाल पाच वर्षे चालतो, गेटचा तीन वर्षे.

राहिला तुझा अर्ज. संस्थांचे गेल्या वर्षीचे शेवटचे प्रवेश बघताना स्कोअर बघ, गुण बघू नकोस. गुण वर्षागणिक पेपरप्रमाणे वरखाली होतात, म्हणून तर स्कोअर काढतात. तुझाच विषय, तुझाच गट आणि तीच शाखा घे. वाहतूक अभियांत्रिकी आणि संरचना अभियांत्रिकी यांचे शेवटचे आकडे एकाच संस्थेत खूप वेगळे असतात. सुरतकल आणि बाकी एनआयटींसाठी एकत्रित प्रवेश समुपदेशनात (काउन्सेलिंग) नोंदणी कर, आयआयटींना स्वतंत्र अर्ज. धारवाडची आयआयटी आपल्या अगदी जवळ आहे, तिचे संकेतस्थळ आजच उघड. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला की महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. घरच्यांना हा आकडा आधी सांग, "अजून दोन वर्षं खर्च कुठनं करायचा" हा प्रश्न तिथेच हलका होतो. स्वखर्चाच्या जागा वेगळ्या असतात, पसंतीक्रम भरताना त्या नीट बघून घे.

अर्जात "टक्केवारी" असा रकाना आला तर त्यात 51.1 लिहू नकोस. दर वर्षी कुणीतरी 511 ला 1000 ने भागून टाकते. तो रकाना तुझ्या पदवीचा असतो. गेटच्या रकान्यात 511, आणि नोंदणी क्रमांक पत्रकावर आहे तसाच.

रविवारी वर्ग नसतो. बाबांना घेऊन ये, येताना पत्रक, उत्तरपत्रिकेची छापील प्रत आणि अंतिम तालिका आण. 44.67 ची बेरीजही एकदा सोबत तपासू, कारण अनेक-अचूकमध्ये अर्धे गुण धरून मोजण्याची चूक बऱ्याच जणांकडून होते.